चोराच्या आईसाठी चार ओळी

फार जुनी गोष्ट आहे. घाटाच्या पायथ्याला, नदी जिथं खडकांतून वळसा घेते तिथं, ख्रिस्ती लोकांचं एक छोटं गाव होतं. गावाच्या मधोमध काळ्या दगडाचं, कौलारू छपराचं देऊळ होतं. पाळकसाहेब लांब राहायचे आणि नदीला उतार असला की घोड्यावरून यायचे. एरवी देवळाचं सगळं गावचे वडील, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे पुढारी, थोमाजी बघत. उपासनेत गाणी कुठली म्हणायची, ते मात्र सिलासमास्तर ठरवी.

सिलासमास्तर मुलांना अक्षरं शिकवायचा आणि गाणी रचायचा. देवानं त्याच्या जिभेवर काहीतरी ठेवलं होतं, असं लोक म्हणत. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची मुलगी सासरी निघाली, कुणाचा बैल गेला, कुणी आजारातून उठलं, की माणसं त्याच्या दारात येत. तो शाळेतली पाटी पुढ्यात ओढी, पेन्सिल तोंडात धरून जरा वेळ छपराकडं बघे आणि चार-सहा ओळी लिही. मग मोठ्यानं म्हणून दाखवी. ऐकणाऱ्याला पाठ होईपर्यंत परत परत म्हणे. पाठ झालं की पाटी पुसायची. दुसऱ्या दिवशी तीच पाटी मुलांच्या पाढ्यांना लागायची.

अशी त्याची किती गाणी झाली, त्यालाही ठाऊक नव्हतं. पण पहाटे जात्यावर, शेतात खुरपताना, नदीवर धुणं आपटताना ती ऐकू येत. गाणं कुणी रचलं हेसुद्धा बायका विसरून गेल्या होत्या. त्यांना वाटे, ही गाणी आपल्या आजीपणजीपासूनच चालत आलीत.

एका वर्षी कापणीच्या सणाला शहरातून एक वृद्ध धर्मपंडित गावात आले. त्यांनी देवळात ती गाणी ऐकली आणि विचारलं, "ही कुणाची?"

लोकांनी सिलासमास्तरला पुढं ढकललं.

पंडितांनी त्याला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, "अहो, एवढं देणं तुम्ही पाटीवर सांडता आणि पुसून टाकता? प्रभूच्या सबंध चरित्रावर महाकाव्य लिहा. गव्हाणीपासून कबरेपर्यंत आणि कबरेपासून स्वर्गापर्यंत. शहरात आमचा मोठा मेळा भरतो, तिथं वाचून दाखवा. तुमच्या मागं शेकडो वर्षं राहील असं काहीतरी करा."

त्या रात्री सिलासला झोप लागली नाही. आपण आजवर काय केलं, तर पाट्या पुसल्या, असं त्याला वाटायला लागलं. बैलावर गाणं. पाळण्यावर गाणं. हे काय देवाचं काम झालं?

थोमाजी वडिलांनाही ही गोष्ट पटली. आपल्या गावचा माणूस शहरातल्या मेळ्यात वाचणार म्हणजे गावाचं नाव होणार. त्यांनी चांगला कागद मागवून दिला. शाळेवर दुसरा माणूस नेमला. सिलासच्या घरी धान्य जाईल याची सोय केली. म्हणाले, "मास्तर, तुम्ही आता फक्त लिहायचं. बाकीचं माझ्यावर सोडा."

सिलासची बायको दीना चुलीपुढं बसून हे ऐकत होती. थोमाजी गेल्यावर ती म्हणाली, "अहो, देवाला तुमची पाटी वाचता येत नव्हती का?"

"तुला नाही कळायचं ते," सिलास म्हणाला.

"नसेल कळत," दीना म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

महाकाव्य सुरू झालं. सिलासनं मागच्या खोलीत बैठक घातली आणि दार लावून घेतलं. पहिले काही महिने लोक येत राहिले. एक आई आली, तिच्या मुलीचं लग्न होतं. सिलासनं आतूनच सांगितलं, "मागच्या वर्षी येशवंतच्या पोरीला केलं होतं तेच म्हणा." एक म्हातारा आला, त्याच्या डोळ्यांपुढं अंधार दाटत चालला होता आणि त्याला अंधारात म्हणायला काहीतरी हवं होतं. सिलास म्हणाला, "बाबा, एवढा सर्ग संपू दे. मग निवांत बसू." सर्ग संपला, पण लगेच दुसरा सुरू झाला. म्हातारा परत आला नाही.

हळूहळू येणंच बंद झालं. दाराशी चपला वाजेनात. सिलासला ते बरंच वाटलं. त्याचं लेखन छान चाललं होतं. शब्द भारी होते, छंद पक्का होता. गालीलाचा समुद्र, डोंगरावरचा उपदेश, यरुशलेमेची वेस, सगळं त्याच्या कागदावर डौलानं उभं राहत होतं.

मग दुष्काळ पडला.

नदीचे खडक उघडे पडले. लोकांनी गुरं बाजारात नेऊन विकली. काहींनी ती नुसतीच सोडून दिली. गावाच्या टोकाला हन्नाबाई नावाची विधवा आपल्या मुलाबरोबर राहायची. मुलाचं नाव नाथान, नुकतं मिसरूड फुटलेलं. दोघं मायलेक घायपाताची पानं कुजवून, बडवून त्यांचा वाख काढत आणि त्याचे दोर वळत. गाईगुरांची दावी, विहिरीचे दोर, सगळं गाव त्यांच्याकडून घेई. पण गुरंच उरली नाहीत तर दावी कोण घेणार? हन्नाबाईच्या घरी चूल पेटेनाशी झाली.

देवळामागच्या खोलीत धान्याची कणगी होती. कापणीच्या सणाला लोक जे धान्य देत, ते तिच्यात भरून ठेवायचे आणि अडीअडचणीला वाटायचे, असा रिवाज होता. किल्ली थोमाजींकडं असे. हन्नाबाई त्यांच्याकडं गेली. थोमाजी म्हणाले, "एकदा वाटायला सुरुवात केली की संपायला वेळ लागत नाही. अजून वाईट दिवस यायचेत. तेव्हा उघडू."

ती मुकाट्यानं परत आली. हे नाथाननं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव घराघरांत पडलेलं असताना, नाथान देवळामागच्या खिडकीतून आत उतरला. टोपलंभर बाजरी घेऊन बाहेर येताना त्याला पकडलं. थोमाजी आले, आणखी चारजण आले. देवाचं धान्य चोरलं म्हणून आरडाओरडा झाला. त्यांनी त्याला देवळापुढच्या लिंबाला बांधलं. बांधायला जो दोर आणला तो हन्नाबाईनंच वळलेला होता. कुणी तरी काठी आणली. मग दुसऱ्या कुणी तरी आणली. दुष्काळानं माणसं आधीच पिसाळलेली होती. आपण का मारतोय आणि किती मारतोय, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

सिलासच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती. त्याला ओरडणं ऐकू आलं. तो उठून खिडकीशी गेला. पोराचं तोंड त्याला दिसलं नाही, माणसांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. त्याच्या मनात आलं, जावं. मग मनात आलं, थोमाजी आहेत तिथं, ते बघतील. आणि आज तर आपण क्रुसाच्या सर्गाला हात घातलाय, इतक्या दिवसांनी लय सापडलीय. त्यानं खिडकी लावून घेतली.

नाथान त्यातून उठला नाही. रात्रभर आईच्या मांडीवर कण्हत होता आणि उजाडता उजाडता गेला.

सकाळी हन्नाबाई सिलासच्या दारात आली. दीनानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिनं ते तोंडाला लावलं नाही. सिलास आतून बाहेर आला. बोटांना शाई होती.

"मास्तर," हन्नाबाई म्हणाली, "नाथान गेला."

"कळलं," सिलास म्हणाला. "फार वाईट झालं, हन्नाबाई."

"पाळकसाहेब इतक्यात यायचे नाहीत. ऊन फार आहे, ठेवता येणार नाही. थोमाजी वडील म्हणतात, कबरस्थानाच्या भिंतीबाहेर पुरा. आणि गाणं-प्रार्थना काही करायची नाही, म्हणाले. चोरासाठी मंडळी उभी राहणार नाही."

सिलासनं मान खाली घातली.

"भिंतीबाहेर तर बाहेर. माती सगळी सारखीच," ती म्हणाली. "पण मुकाट्यानं कसं पुरू? मला लिहिता येत नाही, रचता येत नाही. तुम्ही चार ओळी करून द्या. मी पाठ करीन आणि मीच म्हणीन, तुम्ही यायलाही नको. तो चोर होता हे घाला हवं तर त्यात. मी खोटं घाला म्हणत नाही. पण तिथंच थांबू नका. त्याच्या पुढचंही काहीतरी घाला."

सिलासच्या मागं, उघड्या दारातून, त्याचा कागद दिसत होता. त्यावर प्रभूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला चोर नुकताच बोलायला लागला होता. अर्धी ओळ झाली होती.

सिलासनं ते पाहिलं. ओळी करून द्याव्यात, असं त्याला वाटलंही. पण त्याला थोमाजी आठवले, थोमाजींचा कागद आठवला, घरात येणारं धान्य आठवलं. आपण ओळी दिल्या आणि त्या खड्ड्याशी म्हटल्या गेल्या, तर त्या कुणी केल्या हे सगळ्या गावाला कळणार. मेळा दोन महिन्यांवर आला होता.

"हन्नाबाई," तो म्हणाला, "असं घाईनं होत नाही. अशा गोष्टीवर विचार करून लिहावं लागतं. शिवाय वडीलमंडळानं एकदा ठरवल्यावर मी मध्ये कसा पडू? आणि मी सध्या मोठ्या कामात आहे."

"कुणाच्या?"

"प्रभूच्या."

हन्नाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "मग त्यांनाच विचारा ना, जरा वेळ देतात का."

 ती उंबऱ्याशी थोडा वेळ उभी राहिली. वाट बघत होती की पाय उचलत नव्हते, सांगता येत नाही. मग वळली आणि गेली. दीना डोक्यावर पदर घेऊन तिच्या मागोमाग निघाली. जाताना तिनं नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सिलास आत जाऊन बसला. अर्धी राहिलेली ओळ त्यानं पुरी केली. त्या दिवशी त्याची लेखणी कधी नव्हे तशी चालली. क्रुसावरच्या चोराचा पश्चात्ताप, 'माझी आठवण ठेव' ही त्याची एकच विनवणी, प्रभूनं त्याच्याकडं वळवलेलं तोंड आणि त्याला दिलेलं स्वर्गाचं वचन. लिहून झाल्यावर त्यानं ते मोठ्यानं वाचलं, आणि स्वतःच्याच ओळींवर त्याला रडू फुटलं. तो बराच वेळ रडला. आपलं हृदय किती कोवळं आहे, असं त्याला वाटलं.

दुपार कलल्यावर दीना परत आली. पायांना माती होती.

"झालं?" सिलासनं विचारलं.

"झालं."

"कोण कोण होतं?"

"ती, मी आणि खड्डा खणणारा." दीना रांजणाशी गेली आणि पाय धूत म्हणाली, "हन्ना तोंड उघडायची आणि मिटायची. पुन्हा उघडायची. मलाही काही सुचेना, मी कुठं तुमच्यासारखी. शेवटी तिनं नुसतं नाव घेतलं त्याचं. हाक मारल्यासारखं. आणि माती लोटली."

त्या दिवसापासून दीना नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

मेळ्याचे दिवस आले. सिलास बैलगाडीनं शहरात गेला, थोमाजीही बरोबर होते. मोठं देऊळ होतं, रंगीत काचांच्या खिडक्या होत्या आणि बसायला जागा नव्हती. सिलासनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या सर्गांना लोक माना डोलवत होते, मधल्या सर्गांना जांभया देत होते. पण क्रुसाचा सर्ग आला आणि चोर बोलायला लागला, तेव्हा सगळं देऊळ गप्प झालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. संपल्यावर लोकांनी त्याला घेरलं, त्याचे हात हातांत घेतले, त्याच्या गळ्यात हार घातले. थोमाजी जो भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या गावचे हे. आमचे मास्तर."

संध्याकाळी वृद्ध पंडितांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. पोथी त्यांच्या मांडीवर होती. म्हणाले, "चोराचा प्रसंग असा मी कुठंच ऐकला नाही. जवळून काही पाहिलंत का तुम्ही?"

"नाही," सिलास म्हणाला. "म्हणजे, पाहिलं नाही. ऐकलं."

"हं." पंडितांनी पानं चाळली. "एक मात्र वाटलं. म्हातारपणी माणसाला भलतंच सुचतं, मनावर घेऊ नका. त्या चोरालाही आई असणार ना? ती आली असेल का तिथं? तो मेल्यावर तिला कोण काय बोललं असेल? प्रभूच्या आईवर तुम्ही किती सुंदर लिहिलंय. या बाईची मात्र एक ओळही नाही."

ते सहज बोलले होते. पण सिलासला तिथं बसवेना. तो काही तरी पुटपुटला आणि बाहेर आला. गळ्यातले हार काढून कुठं ठेवावेत हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं ते देवळाच्या पायरीवर ठेवले.

पोथी रेशमी कापडात बांधून मोठ्या कपाटात ठेवली गेली. कपाटात तशी आणखी पुष्कळ गाठोडी होती.

सिलास गावी परतला. पहिल्या रविवारी तो देवळात गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मागच्या रांगा रिकाम्या आहेत. जे आले होते ते गाणी म्हणत होते, पण ओठांतल्या ओठांत. जात्यावरही आता नुसती दगडाची घरघर ऐकू यायची. हन्नाबाई त्या दिवसापासून देवळाकडं फिरकली नव्हती. तिच्या पाठोपाठ आणखी काही बायका यायच्या थांबल्या होत्या. त्या काही बोलत नसत. फक्त येत नसत.

सिलासनं शाळेतून पाटी मागून आणली. ती पुढ्यात घेऊन बसला. काही येईना. इतके सर्ग लिहिलेल्या हाताला चार ओळी जमेनात. भारी शब्द येत, ते तो पुसून टाकी. पुन्हा तेच येत. कित्येक दिवस असे गेले. दीना जाता-येता नुसतं बघे. एका सकाळी मात्र तिनं त्याच्यापुढं न्याहारी ठेवली आणि म्हणाली, "सजवू नका. काय झालं तेवढं लिहा."

तेव्हा कुठं ओळी आल्या.

त्या घेऊन तो हन्नाबाईकडं गेला. ती अंगणात बसून वाख विंचरत होती. सिलास कुडाशी उभा राहिला. "हन्नाबाई, तुम्ही मागितलं होतं ते आणलंय. म्हणू का?"

तिनं हात थांबवला नाही. "म्हणा."

सिलासनं म्हटलं:

उपाशी नाथान गेला देवाच्या कणगीशी,
आम्हीच मारिलं त्याला बांधून लिंबाशी,
प्रभो, तू चोराला घेतलंस उराशी,
आम्हांला घेशील का?

आता हन्नाबाईचा हात थांबला. 

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "खोटं नाही एकही."

"मला क्षमा करा, हन्नाबाई."

"मास्तर, हे त्या दिवशी पाहिजे होतं. त्या खड्ड्याशी मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतंच. तुम्हाला कळायचं नाही ते. तुमच्याकडं शब्दांची कधी वाण पडली नाही. आता हे घेऊन मी काय करू? कुणाला म्हणून दाखवू? तो तर गेला मुक्यानंच."

"मी देवळात म्हणेन. सगळ्यांपुढं. थोमाजींपुढं."

"म्हणा. म्हणायलाच पाहिजे. पण माझ्यासाठी म्हणतोय असं म्हणू नका. मी यायची नाही ऐकायला." तिनं वाखाची बट उचलली. "आणि क्षमा मागताय ती देवाकडं मागा. त्याच्याजवळ असते म्हणतात. माझ्याजवळ सध्या नाही."

सिलास उभा होता. तिनं पुन्हा विंचरायला सुरुवात केली.

रविवारी उपासनेत सिलास उठला आणि त्यानं त्या ओळी म्हटल्या. तिसरी ओळ पुरी व्हायच्या आत थोमाजी उभे राहिले. "बस करा हे!" म्हणाले. सिलासनं चौथी ओळही म्हटली. मग पहिलीपासून पुन्हा म्हटली. थोमाजी आणि त्या दिवशी लिंबाशी असलेले ते चौघं उठून बाहेर गेले. देवळात कुणी हललं नाही. मग मागच्या बाजूनं एका बाईचा चिरका, बेसूर आवाज आला. ती म्हणत होती. तिच्या शेजारची म्हणायला लागली.

सिलासला शाळा परत मिळाली नाही, घरी येणारं धान्य बंद झालं. दीना मोलमजुरीला जायला लागली, तोही जायला लागला. पण त्या ओळी राहिल्या. जात्यावर आता त्या ऐकू येऊ लागल्या. पुढं लोकांनीच थोमाजींना कणगी उघडायला लावली. ती उघडली तेव्हा निम्मी बाजरी किडून गेली होती.

हन्नाबाईला मात्र हे काही बघायला मिळालं नाही. त्याआधीच एका सकाळी तिचं दार उघडं दिसलं आणि घर रिकामं. कुणी म्हणे घाटावर भावाकडं गेली, कुणी म्हणे आणखी कुठं. जाताना तिनं कुणाचा निरोप घेतला नाही. सिलास दोनदा घाट चढून गेला, वाटेतल्या गावांत विचारलं. तिचा ठावठिकाणा लागला नाही.

सिलास पुन्हा लोकांसाठी गाणी करायला लागला. आता कुणी बोलवायची वाट तो बघत नसे. आजारी माणसाचं कळलं की स्वतःच जाऊन उभा राही आणि विचारी, "काही म्हणायला हवंय का?" डोळे गेलेला तो म्हातारा अजून होता. सिलास त्याच्यासाठी गाणं घेऊन गेला तेव्हा म्हाताऱ्याला ऐकायलाही येईनासं झालं होतं.

पुष्कळ वर्षांनी थोमाजी वारले. बायको सोडली तर गावात त्यांचं कुणी उरलं नव्हतं. ते चौघंही केव्हाच पांगले होते. दुपारी त्यांची बायको सिलासच्या दारात आली. म्हातारी झाली होती, काठी टेकत आली होती. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मास्तर, कोणत्या तोंडानं आले विचारू नका," ती म्हणाली. "यांच्यासाठी म्हणायला कुणी तयार नाही. सगळे म्हणतात, पुरून मोकळं व्हा."

सिलास तिच्याकडं बघत राहिला.  नाथानला मुक्यानं पुरायला लावलं ते यांनीच. यांनाही जाऊ दे तसंच, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. आत दीना उभी होती. ती चुलीकडं वळली. हे आपलं आपणच ठरवायचंय, हे त्याला कळलं.

"केव्हा न्यायचंय?" त्यानं विचारलं.

"दिवस मावळायच्या आत."

"बसा," सिलास म्हणाला. "तोवर होईल."

तो तिथंच तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि तिला विचारू लागला, थोमाजींना काय आवडायचं, लहानपणी ते कसे होते, शेवटी काय म्हणाले. ती सांगत गेली. तो लिहीत गेला. त्यातली एकही ओळ लिहिताना त्याला आनंद झाला नाही. संध्याकाळी कबरेशी तो एकटाच उभा राहून ते गायला, आणि म्हातारी मान हलवत ऐकत राहिली.

लिहिणाऱ्यांनी या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य असं: देवाचं म्हणून जे लिहायचं, ते दारात उभ्या असलेल्या माणसासाठी, त्याची वेळ टळायच्या आत लिहावं. उशिरा आलेले सुंदर शब्द लिहिणाऱ्याला मोठं करतात, पण ज्यानं ते मागितले होते त्याचं तोंड रिकामंच राहतं.